मायच्या नाडीचं सांगायचं राह्यलं

मस्तगड, जालना
६ नोव्हेंबर २०२४

बायना,

पाकिटावरचं अक्षर ओळखलं असशील. तरी उघडलंस, एवढ्यानंच मला बरं वाटलं. फोन तीनदा लावला. एकदा तृप्तीनं उचलला, "आजी शेतात गेली" म्हणाली, आणि मागून तुझा खोकला मला स्पष्ट ऐकू आला. नातीला खोटं बोलायला लावू नको. पत्राला उत्तर द्यायचं नसंल तर नको देऊ. वाच फक्त.

भाऊबीज रविवारी झाली. मनीषा संभाजीनगरहून दोन दिवस आल्ती. तिच्या कंपनीत याहून जास्त रजा देत न्हाईत. उषा गेल्यापासून सण आम्ही बापलेक असाच उरकून टाकतो. उषाच्या दहाव्याला तू आल्तीस, बायांमध्ये बसलीस आणि दुपारच्या गाडीनं माझ्याशी न बोलता गेलीस. आलीस हेच लई झालं, असं मी तव्हा मनीषाला म्हणालो होतो.

दिवाळीनंतर पहाटे गारवा सुटला की मला अजून मेंढरांचा वास येतो. मस्तगडच्या या गल्लीत मेंढरं कुठून येणार, पण येतो. याच दिवसांत आपलं बिऱ्हाड पिंपळगाव रेणुकाईहून हलायचं. घोडीवर घोंगड्या, भांडी, पाय बांधलेल्या दोन कोंबड्या आणि सगळ्यात वर तू. बा पुढं, माय मागं. मी शाळेसाठी मामाकडं गावातच राह्यचो, म्हणून रेणुकाईच्या देवळापर्यंत तुमच्यासोबत चालायचो आणि तिथून परत फिरायचो. माय तोंडात दोन बोटं घालून शीळ घालायची. कळप एका दमात वळायचा. बाईमाणसानं शीळ घालू न्हाई, असं गावातले म्हणायचे. माय म्हणायची, मंग मेंढरांना तसं सांगा. मी देवळाच्या पायरीवर बसून ती शीळ ऐकू यायची तोवर ऐकायचो. आठ वर्षांचा होतो. ती ऐकू येईनाशी झाली की खरं एकटं वाटायचं.

ज्येष्ठात तुम्ही परत यायचात. मंग मी मास्तर आणि तू शाळा. ओढ्यातल्या सपाट दगडावर गेरूनं अक्षरं काढायचो. 'ळ' काढला की तू म्हणायचीस, हा आमच्या दादाच्या गुरुजीचा चष्मा. तू एक दिवस शाळेत गेली न्हाईस, पण दोन पावसाळ्यांत वाचायला लागलीस. बा बाजारातून गूळ बांधून आलेला कागद आणायचा, तो तू उन्हात धरून मोठ्यानं वाचायचीस आणि माय हातातलं काम ठेवून ऐकायची. तिला त्यातलं काही कळायचं न्हाई, पण तिचा चेहरा बघण्यासारखा व्हायचा. आज म्हणूनच लिहून राह्यलो. दुसऱ्या कुणाकडून वाचून घ्यायची तुला गरज न्हाई, हे एक काम तरी माझ्या हातून नीट झालं.

आता मुद्द्याचं. तुला कधी छातीत धडधड होते का? बसल्या जागी काही काम नसताना, ठोके मागंपुढं झाल्यासारखं? होत असंल नसंल, घनसावंगीला दवाखान्यात जाऊन हृदयाची पट्टी काढून घे. ईसीजी म्हणतात त्याला. दहा मिनिटांचं काम आहे, सुई टोचत न्हाईत. का ते विचारू नको, भाऊ सांगतो म्हणून कर.

माझी तब्येत ठीक आहे. थोडी अंगात कमजोरी आहे, वयाची.

रखमाजी दाजींना नमस्कार.

तुझा दादा
सुग्रीव


मस्तगड, जालना
१५ डिसेंबर २०२४

बायना,

तुझं उत्तर न्हाई, पण तृप्तीनं मनीषाला फोन करून सांगितलं की आजीनं पत्र घेतलं, घरात नेलं आणि पुन्हा कुणाला दाखवलं न्हाई. पट्टी मात्र काढली न्हाईस. उलट तिलाच विचारलंस म्हणे, मामाआज्याला झालंय तरी काय. मनीषानं तिला सगळं सांगितलं, म्हणजे मी वयाची कमजोरी लिहिलं होतं ते खोटं पडलं. मंग आता माझ्याच तोंडून ऐक.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. सकाळी दारात बसलो होतो, चहा व्हायचा होता. सवयीनं स्वतःच्या मनगटावर बोटं ठेवली. अडतीस वर्षं डॉक्टरसाहेबांच्या दवाखान्यात कंपाउंडर होतो, हात असेच जातात. नाडी बराबर न्हवती. दोन ठोके जल्दी, एक उशिरा, मधेच एक गायब. पाच मिनिटं धरून बसलो. चहा तसाच थंड झाला. ती नाडी मला ओळखीची वाटली.

मनीषानं संभाजीनगरला नेलं. तिथल्या हृदयाच्या डॉक्टरीणबाई मनीषाच्याच वयाच्या असतील, पण समजावून सांगतात छान. त्या म्हणाल्या, हृदयाचे वरचे कप्पे नीट आवळत न्हाईत, नुसते थरथरतात. त्यातल्या डाव्या कप्प्याला एक छोटा खिसा असतो. जन्मापासून प्रत्येकाला असतो. हृदय थरथरायला लागलं की त्या खिशात रक्त साचतं, साचलेलं घट्ट होतं आणि त्याची गुठळी तिथून सुटून मेंदूत गेली की लकवा.

'लकवा' म्हणाल्या तव्हा मी खाली बघितलं. मनीषा माझ्याकडं बघत होती.

गुठळी होऊ न्हाई म्हणून रक्त पातळ करायची गोळी सुरू केली. दोन वर्षं घेतली. यंदा पोळ्याच्या आधी संडास डांबरासारखी काळी व्हायला लागली. मी कंपाउंडर माणूस, मला कळायला पाह्यजे होतं, पण आठ दिवस कुणाला बोललो न्हाई. मंग न्हाणीत चक्कर येऊन पडलो. शेजारच्या वसंतानं दार फोडून काढलं. पोटात आतून रक्त गेलं होतं. चार बाटल्या चढवल्या. गोळी कमी करून पुन्हा सुरू केली, दसऱ्यानंतर पुन्हा तेच. आता गोळी घेतली तर पोटातून रक्त आणि न घेतली तर त्या खिशातली गुठळी. मागच्या पत्रात मी 'ठीक आहे' लिहिलं, तव्हा मी भिंतीला धरून चालत होतो.

डॉक्टरीणबाई म्हणतात, तिसरा रस्ता आहे. तो खिसाच बंद करून टाकायचा. छाती फाडायची न्हाई. जांघेतल्या शिरेतून नळी वर नेतात, हृदयाच्या मधल्या पडद्याला बारीक भोक पाडून डाव्या बाजूला जातात आणि खिशाच्या तोंडाशी तारांची एक छोटी छत्री उघडतात. काही आठवड्यांत तिच्यावर आपलंच मांस चढतं आणि खिसा कायमचा बंद. धडधड ऱ्हातेच, ती याच्यानं जात न्हाई. पण गुठळी साचायची मुख्य जागा जाते, आणि ती गोळीही सुटते. शंभरात दोघातिघांना यात काही बिघडतं, तेही त्यांनी लपवलं न्हाई. खर्चाचं मनीषानं तिच्या कंपनीच्या विम्यात बसवलं.

तारीख दिली न्हाई अजून. मी विचार करतो म्हणालो. खरं सांगू, मला मरायचं भ्या वाटत न्हाई. मला मायसारखं पडून ऱ्हायचं भ्या वाटतं.

तू सहा वर्षं मायचं केलंस. लेकीच्या घरी, लेकीच्या सासरी. दाजींनी एका शब्दानं कधी दुखवलं न्हाई. तू तिला उचलून उन्हात बसवायचीस, तोंडाची वाकडी बाजू धरून पेज पाजायचीस. मी दिवाळीला यायचो, सफरचंदं आणायचो, तासभर तिच्याजवळ बसायचो आणि पाचच्या गाडीनं परत. तिचा उजवा हात माझ्या हातात द्यायचीस तू, मी तो गोधडीवर ठेवून द्यायचो. तुला वाटलं असंल मला किळस येते. तसं न्हवतं, बायना. वेगळं होतं.

आणि मंग तिच्या दहाव्याला तू सगळ्या भावकीसमोर म्हणालीस, "सहा वर्षं पाहुण्यासारखा येऊन गेलास. आता माय न्हाई. आता काहून येतो?" मी चप्पल घातली आणि निघालो. अकरा वर्षं झाली. लोक म्हणतात सुग्रीवला बहिणीचं बोलणं लागलं. लागलं न्हवतं. मला त्या बोलण्याचा आधारच झाला. त्यानंतर तुझ्या दारात यायची गरज राह्यली न्हाई.

का, ते आज लिहायला बसलो होतो. पण दोन पानं झाली, हात दुखून राह्यला.

पट्टी काढ. डॉक्टरीणबाईंनी मला विचारलं होतं, घरात अजून कुणाला आहे का. मी म्हणालो, एक बहीण आहे, तिला विचारून सांगतो.

दादा


छत्रपती संभाजीनगर
१५ जानेवारी २०२५, दुपार

बायना,

उद्या सकाळी खिसा बंद करायचा आहे. मी हो म्हणालो. आज दाखल करून घेतलं, सगळ्या तपासण्या झाल्या. मनीषा जेवायला खाली गेली आहे. तिच्याकडून वहीची पानं मागून घेतली. काल संक्रांत होती. आज शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याच्या सुनेनं तिळाची वडी हातावर ठेवली, आणि मला माय भाजायची ते काळे तीळ आठवले. तुला आणि मला चुलीपुढं बसवायची, तीळ तडतडले की आपण हसायचो, आणि तीपण हसायची, पदर तोंडाला न लावता. उघड्या तोंडानं हसणारी बाई मी दुसरी बघितली न्हाई.

आता जे सांगायचं ते सांगतो. उद्या शंभरातल्या दोघातिघांत माझा नंबर लागला तर हे तुला कुणीच सांगणार न्हाई. मनीषालाही ठाऊक न्हाई. उषालाही न्हवतं.

दोन हजार सातचा एप्रिल. माय पिंपळगावहून तुझ्याकडं निघाली होती. जालन्याला गाडी बदलायची, म्हणून दुपारी दवाखान्यात माझ्याकडं आली. शनिवार होता, बाजारचा दिवस. बाहेरचे दोन्ही बाक पेशंटनं भरलेले, काही उभे. मी पुड्या बांधून राह्यलो होतो. ती काउंटरला टेकून उभी राह्यली आणि म्हणाली,

"सुग्रीवा, उरात कोंबडी फडफडल्यावानी होतंय रे. चालताना दम बी लागतो."

मी तिचा हात धरला. नाडी बघितली. दोन जल्दी, एक उशिरा, मधेच एक गायब.

बायना, मला समजलं होतं. नाव ठाऊक न्हवतं त्या रोगाचं, पण डॉक्टरसाहेबांनी मला वीस वर्षं एकच गोष्ट शिकवली होती. अशी नाडी हाताला लागली की पेशंट कितीही असोत, त्याला रांगेतून काढून आधी आत पाठवायचं. मी परक्या माणसांना पाठवलंय. भाजीवाल्याला पाठवलं, एका म्हाताऱ्या हमालाला पाठवलं. डॉक्टरसाहेब पडद्याच्या पलीकडं बसलेले, चार पावलांवर.

मायला न्हाई पाठवलं. का न्हाई, हे मी सतरा वर्षं स्वतःला विचारून राह्यलो. गर्दी होती. सकाळपासून डोकं तापलं होतं. आपल्याच माणसाला पुढं काढलं तर रांगेतले ओरडतील असं वाटलं. तिची घनसावंगीची गाडी चुकंल असंही वाटलं. पुढच्या वेळी निवांत दाखवू, असं वाटलं. यातलं एकही कारण आज लिहिताना कारणासारखं दिसत न्हाई.

मी म्हणालो, "माय, गॅस आहे. औषध देतो."

आणि गुलाबी मिक्श्चरची बाटली भरून दिली. बाटलीवर कागदाची कातरलेली पट्टी चिकटवली, एका वेळी एक खूण प्यायची म्हणून. तिनं ती बाटली दोन्ही हातांनी घेतली. बाकावरच्या बाईला म्हणाली, ह्यो महा ल्योक, ह्यानं सोताच्या हातानं औषध देलंय. मंग पिशवीत लुगड्याच्या घडीत ठेवली आणि गाडीला गेली. मी तिला स्टँडवर सोडायलाही गेलो न्हाई.

पाच आठवड्यांनी तुझ्याकडं तिला लकवा झाला. मी आलो तर ती बाटली तिच्या उशाशी होती. रिकामी. तू म्हणालीस, फेकू देत न्हाई, डाव्या हातानं धरून ठेवते. त्यानंतर दर दिवाळीला मी येऊन बसायचो आणि ती बाटली माझ्याकडं बघत असायची. तिची शीळ गेली होती, बोलणं गेलं होतं, नुसते डोळे होते. तिला ठाऊक न्हवतं. तिला वाटायचं लेकाचं औषध. तिच्या मनगटाला बोट लागलं की तीच नाडी हाताला लागायची, म्हणून मी तिचा हात गोधडीवर ठेवून द्यायचो.

मला किळस येत न्हवती.

आता दोन गोष्टी. उद्या काही झालं तर मनीषाला सांभाळ, तिला आत्या लागते. आणि मी म्हणतो म्हणून न्हाई, तर मी एकदा हात धरून सोडून दिला म्हणून, तुझी पट्टी काढून घे.

दादा


मस्तगड, जालना
२० जानेवारी २०२५

बायना,

जिवंत आहे. घरी आलो.

सगळं त्यांनी सांगितलं होतं तसंच झालं. भूल दिली, घशातून एक नळी घातली, तिच्यातून हृदय पडद्यावर बघत बघत दुसरी नळी जांघेतून वर नेली. मला यातलं काही कळलं न्हाई. जागा झालो तव्हा घसा दुखत होता आणि पाय हलवायचा न्हाई म्हणून नर्सबाईनं गुडघ्यावर हात ठेवला होता. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, छत्री बराबर बसली. दुपारी हृदयाभोवती थोडं पाणी दिसलं, त्यामुळं एक दिवस जास्त ठेवलं. मनीषा त्या दिवशी जेवली न्हाई. दुसऱ्या दिवशी पाणी वाढलं न्हवतं, तिसऱ्या दिवशी कमी झालं.

त्या मोठ्या गोळीऐवजी आता दोन साध्या गोळ्या आहेत. छत्री बसली का, बाजूनं गळतं का, हे तीन मार्चला पुन्हा नळी घालून बघणार.

मागचं पत्र मनीषाकडून टपालात टाकलं होतं. जागा झाल्यावर पहिला विचार आला की ते परत मागून घ्यावं. मंग म्हणालो, राहू दे.

दादा


घनसावंगी
११ फेब्रुवारी

दादास,

तुही चारी पत्रं पोचली. फाडली न्हाईत. हे मह्यं पैलंच पत्र हाय, तीन दिस झाले लिहून राह्यले, चुकलं तर तूच शिकिवलंय.

तिसरं पत्र वाचलं तव्हा मला तुहा राग आला. खोटं काहून लिहू. लई राग आला. दोन दिस भाकर गोड लागली न्हाई. तृप्ती म्हणे आजी काय झालं, म्या म्हणले दात दुखतो. ती बाटली मायनं मरंस्तोवर सोडली न्हाई. म्या ती तिच्यासंगंच देली.

मंग तिसऱ्या दिशी मला मह्यं सोताचं आठवलं. आठवलं म्हंजी काय, इसरले कव्हा व्हते.

त्या दिशी सकाळी माय चुलीपुढं बसली व्हती. मला म्हणली, बायना, हात मेल्यावानी झालाय, भाकर थापवंना. बोलणं बी जराक जड व्हतं. म्या म्हणले रातच्याला हात आंगाखाली आला आसंल, चोळ जरासा. सरकी लावायचा दिस व्हता. वावरात सात बाया येऊन थांबल्या व्हत्या. म्या भाकरी बांधल्या आन गेले. दिस मावळायला घरी आले तं माय चुलीपुढंच आडवी पडलेली, तवा थंड, पीठ तसंच परातीत.

समद्यांना म्या सांगितलं की सांजच्याला झालं. तुला बी तेच सांगितलं, डॉक्टरला बी. तुह्या दाजीला आजून ठाव न्हाई. डॉक्टर तव्हा म्हणला व्हता, दोनतीन घंट्याच्या आत आणलं तर कधी कधी फरक पडतो, तुम्ही जल्दी आणलं पण आमच्याजवळ इथं सोय न्हाई. जल्दी आणलं म्हणला. म्या मान हलिवली.

सहा वर्सं म्या तिचं केलं तव्हा लोक म्हणायचे लेक आसावी तं आशी. मला ते आयकू वाटत नसायचं. म्या नुसतं फेडून राह्यले व्हते. आन तू तासभर येऊन जायचा, तव्हा वाटायचं, हा सुटला. मायच्या धाव्याला तुला बोलले ते काहून बोलले मला बी ठाव न्हाई. कुणाला तरी बोलायचं व्हतं, आन तू समोर व्हता.

तुला माफ केलं आसं लिहिलं व्हतं, मंग खोडलं. मला कोण माफ करणार, म्हणून खोडलं. खोडलेलं वाचत बसू नको.

माय लकवा झाल्यावर बी हसायची रे. तू असला की न्हाई, पण एरवी हसायची. आर्धं तोंड वर जायचं. कोंबडं घरात घुसलं की, तृप्ती रांगायला लागली तव्हा. तुला हे कुणी सांगितलं नसंल. म्या सांगायला पायजे व्हतं.

दोन मार्चला रयवारी येते. पट्टी तिथंच काढू. स्टँडवर येऊ नको, मला घर ठाव हाय.

बायना


मस्तगड, जालना
६ मार्च २०२५

बायना,

तू काल गेलीस आणि आज मी पुन्हा लिहायला बसलो. तीन दिवस घरात होतीस, आपण बाजरीच्या भाकरीबद्दल बोललो, तुझ्या लग्नातल्या भांडणाबद्दल बोललो, बाच्या त्या लंगड्या घोडीबद्दल तर हसून हसून पोट दुखलं. तुझ्या पत्राबद्दल मात्र एक अक्षर बोललो न्हाई. तोंडानं मला येत न्हाई, तुला ठाऊक आहे.

छत्री नीट बसली, गळत न्हाई, हे तू माझ्याबरोबरच ऐकलंस. ती मोठी गोळी कायमची सुटली. दोनपैकी एक साधी गोळीही सहा महिन्यांनी सुटंल. तुझी पट्टी बराबर आली, तरी वर्षाला एकदा काढायची, हे विसरू नको. काही फडफडलं तर त्याच दिवशी, सरकी वावरात असली तरी. डॉक्टरीणबाईंनी तृप्तीच्या बापालाही पट्टी काढायला सांगितलंय.

त्यांच्या खोलीत जे झालं, ते लिहून ठेवतो. तुझ्या तपासणीच्या कागदासाठी त्यांनी विचारलं, आईला लकवा कधी झाला. मी सवयीनं बोलून गेलो, दोन हजार सात, संध्याकाळी. तू खुर्चीत सरळ झालीस. म्हणालीस,

"सकाळी झाला, बाई. म्या तिला तशीच ठिवून वावरात गेले. संध्याकाळी मला दिसली."

खोलीत मनीषा होती. तिनं तुझ्याकडं बघितलं, मंग माझ्याकडं. मी तिला काही सांगितलं न्हवतं, आणि आता गप्प बसलो असतो तर खालच्या बाकावर जाऊन तू एकटीच रडली असतीस. तव्हा मला बोलता आलं.

"त्याच्या पाच आठवडे आधी मी तिची नाडी धरली होती," मी म्हणालो. "ती माझ्यासारखीच होती. मी तिला आत पाठवलं न्हाई."

डॉक्टरीणबाईंनी दोन्ही लिहून घेतलं, एकाखाली एक. म्हणाल्या, तुमच्या आईला आज कुणी बघितलं असतं तर तिला गोळी तरी मिळाली असती. मंग विचारलं, त्या कशा होत्या हो. आणि तू शिळेपासून सुरुवात केलीस. बाहेर पेशंट थांबले होते, तरी त्यांनी तुला थांबवलं न्हाई. मनीषा आजीबद्दल हे पहिल्यांदाच ऐकत होती. येताना बदनापूरला चहा घेतला तव्हा ती मला म्हणाली, बाबा, तुम्ही मला आजीचं फक्त आजारपण दाखवलंत. खरं आहे तिचं. जे आजारी न्हवतं, ते सांगताना मला नेहमी त्या शनिवारपर्यंत यावं लागायचं, म्हणून मी सुरुवातच करत न्हवतो.

शनिवारी सकाळच्या गाडीनं घनसावंगीला येतो. आठ दिवस ऱ्हाईन. माय उन्हाला बसायची ती जागा दाखव, आणि ती कुठल्या कोंबड्याला हसायची तेही सांग. अळणी जेवण करू नको, पथ्य एवढं न्हाई.

दाजींना अजून बोलली नसशील. घाई करू नको. मी येतो, मंग दोघं मिळून सांगू.

तुझा दादा
सुग्रीव